मागे जायला सही लागते

‘अपडेट मारलं आणि फोनची वाट लागली’ अशी तक्रार घेऊन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘ठेवून जा, संध्याकाळपर्यंत जुनं सॉफ्टवेअर मारून देतो’ किंवा ‘आता काही होत नाही, नवीन घ्या.’ गिऱ्हाइकाला वाटतं, पहिला कारागीर आणि दुसरा कामचुकार. पण दोघंही खरं बोलत असू शकतात. गिऱ्हाईक कोणत्या आठवड्यात आलं, त्यावर उत्तर बदलतं. काँप्युटरला जोडून फोन मागच्या आवृत्तीवर नेता येतो. त्याला केबल, एक फाइल आणि तास-दीड तास लागतो, एवढंच. ती फाइल फोनने स्वीकारायची की नाही, हे मात्र दुकानदाराच्या हातात नसतं आणि फोनच्या मालकाच्याही नसतं.

आयफोनपासून सुरुवात करू, कारण तिथला कारभार एकहाती आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोन ६ आणि ६ प्लस अमेरिकेच्या बाजारात येऊन पाच दिवस झाले होते. २४ तारखेला ॲपलने आयओएस ८.०.१ हे किरकोळ दुरुस्त्यांचं अपडेट सोडलं. नव्या फोनांवर ज्यांनी ते घेतलं, त्यांच्यापैकी अनेकांचं नेटवर्कच गेलं आणि टच आयडी बोट ओळखेना. ज्यावरून फोन लावता येत नाही असा नवाकोरा फोन हातात! तासा-सव्वा तासात ॲपलने अपडेट मागे घेतलं. तोवर सुमारे ४० हजार फोनांना त्याची झळ बसली होती, हा आकडा कंपनीनेच दिला. या लोकांना सांगितलेला उपाय असा होता: आयट्यून्स असलेल्या काँप्युटरला फोन जोडा आणि आयओएस ८ परत टाका. त्यानंतर हेल्थ ॲप चालणार नाही, हेही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ८.०.२ आलं आणि प्रकरण मिटलं. एरवी ज्या वाटेवर कंपनी कोणाला फिरकू देत नाही, तीच वाट त्या दिवशी तिने स्वतः दाखवली होती.

ही वाट प्रत्यक्षात कशी असते? आयफोन ८ किंवा त्यानंतरचा फोन असेल तर तो काँप्युटरला जोडायचा, आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, मग कमी करायचं दाबून सोडायचं आणि बाजूचं बटण दाबून धरायचं. सफरचंद दिसलं तरी बोट उचलायचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. सफरचंद दिसताच बोट सुटतं आणि फोन नेहमीसारखा चालू होतो. केबल आणि काँप्युटरचं चित्र आलं की समजायचं, फोन रिकव्हरी मोडमध्ये गेला. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून हे काम फाइंडरमध्ये होतं, विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस या ॲपमध्ये. तिथे ‘रिस्टोर’वर नुसतं क्लिक केलं तर सर्वांत नवी आवृत्ती येऊन बसते, म्हणजे ज्या दुखण्यासाठी हा खटाटोप तेच पुन्हा. मॅकवर ऑप्शन आणि विंडोजवर शिफ्ट दाबून धरून क्लिक केलं, तर ‘फाइल निवडा’ अशी खिडकी उघडते. तिथे द्यायची आयपीएसडब्ल्यू फाइल, म्हणजे आयओएसची पूर्ण आवृत्ती, अनेक जीबींची असते, मॉडेलनुसार वेगळी असते, आणि ती आधीच उतरवून ठेवलेली बरी. काँप्युटर आयत्या वेळी डाउनलोड करत बसला आणि पंधरा मिनिटांच्या वर गेला, तर फोन कंटाळल्यासारखा रिकव्हरी मोडमधून बाहेर येतो आणि बटणांची कसरत पुन्हा करावी लागते. आणखी एक: रस्त्यावर घेतलेल्या स्वस्त केबलींपैकी काहींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन चार्ज होतो, काँप्युटरला मात्र दिसत नाही, आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो.

एवढं जमलं की पडद्यावर एक साधी ओळ येते: ॲपलकडे पडताळणी चालू आहे. सगळा निकाल या ओळीत लागतो. प्रत्येक आयफोनच्या चिपला कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला ईसीआयडी म्हणतात. काँप्युटर हा क्रमांक, फाइलमधल्या प्रत्येक भागाचा हॅश (म्हणजे डिजिटल ठसा) आणि फोनने त्याच क्षणी तयार केलेला एक आकडा असं सगळं ॲपलच्या सर्व्हरला पाठवतो. ती आवृत्ती कंपनीला अजून मंजूर असेल तर सर्व्हर डिजिटल सही केलेलं तिकीट परत पाठवतो. ते त्याच फोनला, त्याच आवृत्तीला आणि त्याच वेळेपुरतं चालतं. मंजूर नसेल तर सही नाही आणि सहीशिवाय फोन पुढे सरकत नाही. काँप्युटरवर ३१९४ सारखा एखादा एरर नंबर येतो. फाइल अस्सल असते, खुद्द ॲपलचीच असते, तिच्यात एका अक्षराचा फरक नसतो. बँकेत जुना सातबारा घेऊन गेलं की ‘चालू तारखेचा आणा’ म्हणतात ना, तसंच.

नवी आवृत्ती आली की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत मागच्या आवृत्तीवर सह्या देणं थांबतं. तारीख आधी जाहीर होत नाही. दुकानातल्या त्या दोन उत्तरांमधला फरक बहुतेक वेळा या दोन आठवड्यांचाच असतो.

प्रत्येक फोनसाठी वेगळी सही ही पद्धत २००९ च्या आयफोन ३जीएसपासून आली आणि तिच्यावर उताराही लगेच निघाला. जेलब्रेकवाल्यांच्या, म्हणजे आयफोनवरची कंपनीची बंधनं तोडणाऱ्यांच्या जगात ‘सौरिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जे फ्रीमनने, म्हणजे सिडिया या त्यांच्या ॲप-दुकानाच्या कर्त्याने, सह्या चालू असतानाच त्यांच्या प्रती साठवून ठेवणारा सर्व्हर उभा केला. पुढे कधी मागे जायचं झालं तर काँप्युटरला तोच सर्व्हर ॲपलचा म्हणून दाखवायचा, की जुनी सही पुन्हा कामाला येई. ही सोय दोनेक वर्षं टिकली. २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर ॲपलने तो दरवेळी बदलणारा आकडा सहीत गुंफला आणि साठवलेल्या सह्या बहुतेक रद्दीत जमा झाल्या. २०१३ च्या आयफोन ५एसपासून बोटांचे ठसे आणि पासकोड सांभाळणारा सिक्युअर एन्क्लेव्ह हा स्वतंत्र भाग आला. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याचीही सही वेगळी. तो नवा आणि बाकीचा फोन जुना असेल तर दोघांचं जमेलच असं नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मात्र गंमत झाली. ॲपलचा सर्व्हर काही तास कित्येक वर्षांपूर्वीच्या आवृत्त्यांवर पुन्हा सह्या देऊ लागला. कोणाच्या तरी हातून चूक झाली असावी. जुनी मॉडेलं कपाटात जपून ठेवणारे हौशी लोक केबल शोधत धावले, आणि थोड्याच वेळात दार पुन्हा बंद झालं. फोन तेच होते, फाइलीही त्याच होत्या. बदललं होतं ते फक्त दूरवरच्या सर्व्हरचं मन.

कंपन्या हे का करतात, याचं उत्तर पोकळ नाही. प्रत्येक अपडेटबरोबर कोणती भोकं बुजवली, त्याची यादी जाहीर होते. म्हणजे मागच्या आवृत्तीत कुठे भोक आहे, हे त्याच दिवशी साऱ्या जगाला कळतं. कोणालाही कुठलीही जुनी आवृत्ती टाकता आली, तर फोन चोरणाऱ्याने आधी तो मागे न्यावा आणि ओळखीच्या भोकातून आत शिरावं, इतकं ते सोपं होईल. ज्याच्या फोनमध्ये बँक आहे, आधार आहे, सगळ्या घराचे ओटीपी आहेत, त्याने या कुलपाला नावं ठेवताना जरा विचार करावा.

पण एकच कुलूप सुरक्षेच्या भोकांवरही बसतं आणि कंपनीच्या इतर निर्णयांवरही. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ ने बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग गरजेप्रमाणे कमी करायला सुरुवात केली, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. मालकांना हे स्पष्ट कळलं ते त्या वर्षीच्या डिसेंबरात. कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचे दर उतरवले, आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. ज्याला मार्चमध्ये शंका आली की अपडेटनंतर फोन मंद झाला, त्याला मागे जाऊन ती पडताळून बघायची सोय नव्हती. सह्या केव्हाच थांबल्या होत्या. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केलं की, आयओएस १८ नंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस धाडली आहे. माझ्या मते अशा तक्रारींचं निम्मं मूळ अपडेट बिघडण्यात नाही, मागे फिरता न येण्यात आहे. आणि मधला मार्ग निघत नाही असंही नाही. २०२१ मध्ये आयओएस १५ आलं तेव्हा १४ वरच राहून फक्त सुरक्षेची अपडेट घेण्याचा पर्याय ॲपलनेच दिला होता. काही महिन्यांत तो गुंडाळला आणि जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं, ती सोय तात्पुरतीच होती.

अँड्रॉइडवाल्यांचा समज असतो की आपल्याकडे हे जाच नाहीत. पूर्वी फारसे नव्हते. गूगलच्या पिक्सेलसाठी तर कंपनी जुन्या आवृत्त्यांच्या फाइली स्वतः उपलब्ध करून देते आणि क्रोममधूनच त्या फोनवर चढवायची सोय आहे: बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डिबगिंग चालू करायचं, आणि बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप काढायचं. कुलूप निघताच फोनमधलं सगळं पुसलं जातं. मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए साठी अँड्रॉइड १३ आलं, तेव्हा गूगलने आधीच बजावलं होतं की हे घेतल्यावर १२ वर परतता येणार नाही.

इथली यंत्रणा निराळी आहे. परवानगीसाठी सर्व्हरकडे जावं लागत नाही. चिपमध्येच एक मोजणी असते आणि ती फक्त वर चढते. त्यासाठी चिपमधले सूक्ष्म फ्यूज कायमचे उडवतात. फाइलवरचा आकडा चिपमधल्या आकड्याहून लहान असला की फोन ती नाकारतो. सॅमसंगमध्ये हा आकडा उघड्या डोळ्यांनी दिसतो: सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरचं उजवीकडून पाचवं अक्षर. फोनवर तिथे ५ असेल आणि उतरवलेल्या फाइलच्या नावात ४, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ओडिन हे सॅमसंगवाल्यांचं लाडकं टूल लाल अक्षरांत ‘फेल’ दाखवून मोकळं होईल. आकडा सारखा असेल तर मात्र कंपनीचीच जुनी फाइल सहसा बसते आणि नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेतली नोंदही बिघडत नाही.

नाकारून सोडलं तर नशीब म्हणायचं. २०१८ मध्ये शाओमीने रेडमी नोट ५ प्रो या भारतात तडाखेबंद खपलेल्या फोनवर ही मोजणी लागू केली, आणि नेहमीच्या सवयीने जुनी आवृत्ती फ्लॅश करणाऱ्यांचे फोन जागच्या जागी डेड झाले. डेड म्हणजे पडदा काळा, बटणांना दाद नाही. काँप्युटरला फोन दिसे तो क्वालकॉमच्या आणीबाणीच्या मोडमध्ये, आणि त्या मोडमध्ये काही करायचं तर कंपनीची परवानगी असलेलं खातं हवं. म्हणजे सर्व्हिस सेंटर. किंवा असं खातं ‘भाड्याने’ देणारा कोणी ऑनलाइन माणूस, ज्याच्या हाती आपला काँप्युटर सोपवावा लागतो. त्या वाटेला न गेलेलं बरं.

कंपनीच्या परवानगीबाहेर, बूटलोडर उघडा ठेवून जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांनाही किंमत मोजावी लागते. बँकांची बरीच ॲप्स अशा फोनवर उघडतच नाहीत, आणि काही मॉडेलांवर नेटफ्लिक्ससारख्या ॲप्सचं चित्र एचडीवरून खाली येतं.

सर्वांत जास्त रडारड होते ती मात्र डेटावरून. आयफोन मागे नेताना पूर्ण पुसला जातो, आणि नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. अपडेटनंतर रोज रात्री इमानेइतबारे आयक्लाउडवर बॅकअप होत असेल, तर तो सगळा नव्या आवृत्तीचा. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोटो परत येतात, संपर्क येतात. वॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप वेगळा असल्याने तोही येतो. यूपीआयच्या ॲप्सना एसएमएस पाठवून नव्याने नोंदणी करावी लागते, म्हणून ते सिम त्याच फोनमध्ये हवं. ज्या ॲप्सचा डेटा फक्त फोनमध्येच असतो, त्यांच्यावर पाणी सोडायचं.

म्हणून अपडेट घेण्याआधी काँप्युटरवर एक पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो एन्क्रिप्टेड घ्यावा, नाहीतर पासवर्ड आणि हेल्थचा डेटा त्यात येत नाही. मॅकवर फाइंडरमध्ये ‘मॅनेज बॅकअप्स’ उघडून त्या बॅकअपवर राइट क्लिक केलं की ‘आर्काइव्ह’ असा पर्याय दिसतो. तो निवडला की पुढचे बॅकअप त्याच्यावर चढत नाहीत आणि त्याच्यापुढे तारीख लागते. बॅकअपच्या पासवर्डची नोंद मात्र फोनबाहेर कुठेतरी करून ठेवावी. तो हरवला तर त्या बॅकअपमधून काहीही परत मिळत नाही.