जमिनीला लावलेला कान

हुबळी हे रेल्वेचे गाव. रुळाला कान लावला की लांबची गाडी दिसण्याआधीच कळते, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगावे लागत नाही. (मुलांनी मात्र हा प्रयोग करू नये!) हजारो किलोमीटरवर कोणी जमिनीखाली अणुस्फोट केला, तर तो ओळखण्याची युक्तीही साधारण अशीच आहे. असा एक 'कान' आपल्या कर्नाटकातच आहे.

बंगळूरच्या उत्तरेला, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातले गौरीबिदनूर. मुंबई-बंगळूर उद्यान एक्सप्रेस याच वाटेने जाते. जवळचे विदुराश्वत्थ १९३८ च्या ध्वज सत्याग्रहातील गोळीबारामुळे कन्नड घरांत सर्वांना ठाऊक आहे. पण याच परिसरात १९६५ पासून भूकंपलहरी टिपणारे केंद्र आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते. यंत्रे कर्नाटकच्या मातीत आणि कारभार मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा!

त्याचे असे झाले. १९६३ च्या कराराने हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या करण्यावर बंदी आली. भारताने त्यावर सही केली. जमिनीखालच्या चाचण्या मात्र सुटल्या. त्यांच्यावर बंदी घालायची, तर चोरून केलेली चाचणी पकडायची कशी? ब्रिटिश शास्त्रज्ञांनी यासाठी स्कॉटलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात यंत्रांची जाळी उभारली. त्याच मालिकेतले गौरीबिदनूर केंद्र भारताच्या सहकार्याने झाले.

इथे वीस भूकंपमापक इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकारात दूरवर मांडलेले आहेत. गल्लीत वरात आली की पहिल्या घराला ताशा आधी ऐकू येतो, शेवटच्या घराला उशिरा. तशीच लहर प्रत्येक यंत्रापाशी किंचित वेगळ्या वेळी पोहोचते. त्या फरकावरून ती कुठल्या दिशेने आली, हे काढता येते.

पण तो भूकंप की बाँब? कोयना (१९६७) किंवा किल्लारी (१९९३) येथे खडक भेगेवर सरकले. स्फोटात मात्र जमीन एकदम चहूबाजूंना ढकलली जाते. त्यामुळे लहरींचा घाट वेगळा उमटतो. शिवाय कित्येक भूकंप दहा-पंधरा किलोमीटर खोलवर होतात. तितक्या खोल बाँब कोण पुरणार? शेवटची खूण म्हणजे जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी झेनॉन वायू.

१९९६ मध्ये सर्व चाचण्यांवर बंदी घालणारा करार सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या पडताळणीसाठी व्हिएन्नाहून चालणारी, ३३७ केंद्रांची योजना आखली गेली. त्यांतली बहुतेक केंद्रे सुरू झाली आहेत, मात्र ठरलेल्या ४४ देशांची संमती पूर्ण न झाल्याने करार अजून लागू नाही. तरीही उत्तर कोरियाच्या २००६ ते २०१७ मधील सहाही चाचण्या या जाळ्याने टिपल्या. कानालाही मर्यादा आहेतच. १३ मे १९९८ रोजी पोखरणला झालेल्या दोन छोट्या चाचण्या भारताने जाहीर केल्या, पण परदेशी भूकंप केंद्रांना त्यांची नोंद सापडली नाही.

भारताने या करारावर सही केलेली नाही. अण्वस्त्रधारी देश आपली शस्त्रे कधी संपवणार हे सांगत नाहीत, हा आपला आक्षेप. आणि तो खोटा नाही. १९९८ नंतर आपण स्वतःहून चाचण्या थांबवल्या, हेही खरे.

तरी एक गोष्ट मनात येते. उधारीचा हिशेब वाण्याच्या वहीत असतो आणि शहाणी गृहिणी आपली वहीही ठेवते. दोन्ही वह्या जुळल्या की भांडण होत नाही. गौरीबिदनूर ही आपली वही आहे. ती साठ वर्षे नेमाने लिहिली जात आहे. आपला शब्द खरा आहे, तर ही वही एक दिवस जगापुढे उघडून ठेवायला आपण का कचरावे?