टेकोड्यांचा पेरा

बोरगाव मेघे आता वर्धा शहराला जवळजवळ चिकटले आहे, तरी श्रावण लागला की इथल्या माणसांची नजर बाजारात टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, शोधतेच. भाव ऐकून माणूस क्षणभर थबकतो, पण घेतल्याशिवाय पुढे जात नाही. धिंगरी शेडमध्ये पिकवता येते, टेकोडा नाही. तो येतो वारुळावर आणि वारुळाच्या आसपास, तोही वाळवीच्या म्हणजे उधळीच्या मर्जीने. हीच उधळी त्या बुरशीला वर्षभर खात असते.

ताजा टेकोडा हातात घेऊन नीट पाहा. टोपीच्या मधोमध कडक, टोकदार उंचवटा असतो, माती फोडण्यासाठी. देठ जमिनीपाशी संपत नाही; मुळासारखा निमुळता होत खोल उतरतो आणि उपटताना बहुधा तुटतो. तो जिथून निघालेला असतो, ती उधळीची बाग. तपकिरी, भोकाभोकांचा, ओलसर लगदा आणि त्यावर साबुदाण्यासारख्या पांढऱ्या बारीक गाठी. जर्मन वैद्य योहान गेरहार्ड क्योनिग यांनी तंजावर भागातल्या वाळवीचे वर्णन करताना 1779 मध्ये अशा बागांची नोंद केली. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी या बुरशीला टर्मिटोमायसिस हे नाव दिले ते 1942 मध्ये.

बागेचे काम असे चालते. कामकरी उधळी वाळके गवत, पालापाचोळा, शेतात उरलेली पऱ्हाटी तोडून आणते. घरातली तरुण उधळी ते चावते आणि त्यासोबत त्या पांढऱ्या गाठीही खाते. गाठीत बुरशीचे अलैंगिक बीजाणू ठासून भरलेले असतात. ते पोटात मरत नाहीत. विष्ठेचा थर बागेवर चढला की त्यातूनच नवी बुरशी फुटते आणि लाकडातला चिवट भाग उधळीला पचेल असा करते. जुना झालेला थर मग उधळी खाऊन टाकते. म्हणजे जेवणे आणि पेरणे ही एकच क्रिया. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

याचा परिणाम बुरशीच्या वंशावर होतो. जो वाण जास्त गाठी धरतो तोच जास्त खाल्ला जातो, म्हणून तोच जास्त पेरला जातो. नेदरलँड्समधले ड्युर आनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले की, अशा फेऱ्यांमधून शेवटी एका वारुळात एकच वाण उरतो. भांडणारा शेजारीच नसल्याने त्याची सारी ताकद गाठी धरण्यात जाते.

पण त्या गाठीला छत्री व्हायचे असते, आणि ती वाढायच्या आत खाल्ली जाते. उधळीच्या दृष्टीने छत्री म्हणजे बागेतले अन्न बाहेर गेले. पावसाळ्यात मात्र काही कोंब खाण्यातून सुटतात, माती फोडून वर येतात, आणि वर्षभर अडलेले लैंगिक प्रजनन त्या थोड्या दिवसांत उरकते. छत्रीखालच्या पातळ पडद्यांवरून असंख्य बीजाणू वाऱ्यावर जातात. एका बीजाणूचे तंतू एकटे पुरत नाहीत. जुळणाऱ्या दुसऱ्या तंतूंशी त्यांचे मीलन व्हावे लागते.

हे बीजाणू उधळीलाही हवे असतात. दमदार पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली उधळी गर्दी करते. त्यातली एखादी जोडी पंख टाकून मातीत शिरते आणि अंगातल्या साठ्यावर पहिली पिल्ले वाढवते. बहुतेक जातींमध्ये या राजा-राणीकडे बुरशी नसते. पहिले कामकरी बाहेर पडतात तेव्हा पाचोळ्यावर पडलेले टेकोड्याचे बीजाणू त्यांच्यासोबत घरात आले, तरच बाग लागते. नाही तर ते घर बसते.

म्हणून खुडण्याबद्दल स्पष्ट लिहितो. बाजारात मिटलेल्या कळीला मान जास्त, आणि मिटलेली कळी म्हणजे न सुटलेले बीजाणू. एका वारुळावरचे निदान काही टेकोडे उमलून सुकू द्यावेत. वारूळ खणू नये, त्यात औषध तर ओतूच नये. गोव्यात हीच रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळमी इतकी ओरबाडली गेली की अभयारण्यांतून ती काढण्याच्या मनाईची आठवण दर पावसाळ्यात करून द्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल, उधळी कमी झाली तर शेताचे भलेच होईल. पण कपाशी-गव्हाची मुळे पोखरणारी मायक्रोटर्मिस ही छोटी उधळी वेगळ्या रीतीने चालते. तिची राणी उडतानाच आईच्या घरातली बुरशी पोटात घेऊन निघते, जशी अमेरिकेतल्या पानतोड्या मुंग्यांची राणी तोंडातल्या पिशवीत नेते. तिला छत्रीची गरजच पडत नाही. टेकोडे संपले तरी ती शेतात राहीलच. अडचण होईल ती वारूळ बांधणाऱ्या उधळीची आणि तिच्यावर जगणाऱ्या टेकोड्याची.