दातांच्या दवाखान्याची पायरी चढताना

ताप आला, जुलाब लागले तर आपला माणूस दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. पण दात दुखू लागला तर लवंग दाबतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, कुणी सांगितले म्हणून गोळी कुटून हिरडीवर ठेवतो आणि गाल भाजून घेतो. महिना-महिना असाच जातो. गाल सुजून डोळा झाकला, की मग घरातली माणसे त्याला उचलून नेतात. तोपर्यंत वाचण्यासारखा दात वाचत नाही.

असे का होते? पैशाची अडचण हे एक कारण आहेच. भीती हे दुसरे. पण आपल्या समाजातील वयस्क मंडळींच्या बाबतीत तिसरेही एक कारण आहे आणि ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मला ते आमच्या आत्याबाईंमुळे कळले.

आत्याबाई पासष्टीच्या. कोल्हापुरात आयुष्य गेले. विहारात वंदनेला सर्वांच्या आधी हजर. सकाळी उठल्यावर तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री बोटावर घेऊन दातांना लावायची, ही लग्नाच्या आधीपासूनची सवय. खालची दाढ दुखत होती, तरी चार महिने त्या कुणाला बोलल्या नाहीत. शेवटी भाकरी गिळवेना, तेव्हा सुनेने सांगितले. मी त्यांना सीपीआरला चला म्हणाले, तर म्हणाल्या, "नगं बाई. डॉक्टर माझ्या तोंडात हात घालणार. मिश्रीनं काळं झालेलं तोंड. आणि आपण कोण, कुठलं, त्ये तोंडाकडं बघून वळखत्यात."

हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याला मोठा इतिहास आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची पत्नी नुकतीच बाळंत झाली होती आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. बाळंतिणीला वस्तीबाहेर आणवले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने पत्नीकडे, आणि त्याच वाटेने तो परत गेला. पुढे डॉक्टरने पुन्हा येण्यास नकार दिला आणि ती माउली गेली. ज्या समाजाने अशी वागणूक पिढ्यान् पिढ्या सोसली, त्या समाजातील म्हातारी बाई डॉक्टरसमोर तोंड उघडायला लाजते, यात तिचा काय दोष?

पण आपल्या कोल्हापूरची दुसरीही आठवण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून सरकारी दवाखान्यांतील अस्पृश्यता बंद केली. अस्पृश्य रुग्णाला इतरांसारखेच आपुलकीने वागवावे, आणि ज्याला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, असा त्या हुकमाचा रोख होता. माणगावच्या परिषदेच्याही आधीची ही गोष्ट. आजचे सीपीआर म्हणजे संस्थानकाळातले आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. मी आत्याबाईंना म्हटले, "ज्या दवाखान्यासाठी महाराजांनी हुकूम काढला, तिथेच तुम्ही जायला लाजता होय?" हे मात्र त्यांना पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुवट लुगडे नेसून तयार होऊन बसल्या.

हातमोज्यांची गोष्ट

केसपेपर काढला, दंत विभागाच्या बाकावर नंबर लावला. आत गेल्यावर खुर्ची मागे झाली, डोक्यावर दिवा आला. इथवर आत्याबाई धीराने होत्या. डॉक्टरांनी मास्क लावला आणि हातात मोजे चढवले, तशा त्या ताडकन उठून बसल्या. "माझ्यासाठीच घातलंसा व्हय?"

डॉक्टर वयाने लहान होते. क्षणभर त्यांना प्रश्नच कळला नाही. मग बहुधा कळला. म्हणाले, "नाही आजी, सगळ्यांनाच. तुमच्या आधीच्या पेशंटचे मोजे तिथे डब्यात टाकलेत बघा." आत्याबाईंनी वाकून डब्यात पाहिले. पाहिले म्हणजे चांगले निरखून पाहिले. मग तोंड उघडले.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ही गोष्ट आधी सांगते. मोजे आणि मास्क किळसेपोटी नसतात. तोंडातील लाळेतून व रक्तातून रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून ते असतात. कावीळ ब आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे रोग आहेत, आणि मोजे डॉक्टरला जपतात तितकेच तुम्हालाही जपतात. उलट काळजी करायची ती मोजे घातले नाहीत किंवा आधीच्या रुग्णाचेच ठेवले तर. प्रत्येक रुग्णाला नवे मोजे, नवी सुई आणि वाफेच्या यंत्रात निर्जंतुक केलेली हत्यारे मिळालीच पाहिजेत. "हत्यारे निर्जंतुक केली आहेत ना?" असे सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता जाण्यापूर्वीच्या तयारीबद्दल. जुन्या आजारांचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. दातासाठी आलोय, रक्तदाबाचे कशाला सांगायचे, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची झडप, फिट येणे, दमा, एखाद्या औषधाची ॲलर्जी, पूर्वी दात काढताना रक्त न थांबणे, हे सारे डॉक्टरला आधी कळायला हवे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि सांगायचे विसरूही नका. मधुमेहाच्या रुग्णाने उपाशी जाऊ नये. न्याहारी आणि नेहमीचे औषध घेऊन सकाळच्या वेळी जावे. दात काढण्यासाठी देतात ते इंजेक्शन फक्त जागा बधिर करते, त्यामुळे इतरांनीही, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, थोडे खाऊनच जावे. रिकाम्या पोटी आणि घाबरलेल्या मनाने गेले की चक्कर येते.

गरोदर बाईने ते पहिल्या वाक्यात सांगावे, म्हणजे एक्स-रे आणि औषधे पाहून देता येतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यातला काळ दातांच्या कामाला सोयीचा. पण सूज किंवा ठणका असेल तर कोणत्याही महिन्यात जावे. बाळंत होईपर्यंत सोसायचे, हे सासूबाईंचे शास्त्र झाले, डॉक्टरांचे नव्हे.

आणि ते डोळ्याचे! वरचा दात काढला की नजर जाते, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दाताच्या नसा वेगळ्या आणि डोळ्याने पाहण्याची नस वेगळी. दात काढून कुणाची दृष्टी जात नाही. म्हातारपणी दात पडतात आणि मोतीबिंदूही होतो, त्यामुळे लोकांनी दोन्हींची सांगड घातली असावी. दात साफ केल्याने ते हलतात, हाही असाच समज. दातांवर साचलेल्या दगडासारख्या थराखाली हिरडी आधीच मागे सरलेली असते. तो थर काढला की फटी उघड्या पडतात आणि माणसाला वाटते, डॉक्टरने दात ढिले केले. थर तसाच ठेवला तर मात्र ते खरोखरच ढिले होतात.

तपासणीनंतर डॉक्टर दोन मार्ग सांगतात: दात काढणे किंवा मुळापर्यंत साफ करून भरणे, ज्याला रूट कॅनाल म्हणतात. आपली माणसे "काढून टाका, कटकट नको" म्हणून मोकळी होतात. दात काढणे स्वस्त पडते हे खरे. पण मोकळ्या जागेत शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो आणि घास चावण्याची बाजू जाते. दात वाचण्यासारखा असेल तर वाचवावा. रूट कॅनालला अनेकदा दोन-तीन फेऱ्या लागतात आणि दाढेवर बहुतेक वेळा नंतर कॅप बसवावी लागते. तिचा खर्च वेगळा असू शकतो. एकूण किती, किती फेऱ्या, कॅप धरून की वगळून, हे खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारावे. फी विचारण्यात कमीपणा नाही. आपण कोंबडीचासुद्धा भाव विचारतो.

खर्च झेपत नसेल त्यांनी दंत महाविद्यालयाचा विचार करावा. आपल्या जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, शेजारी सांगलीला भारती विद्यापीठाचे आहे. तिथे शिकणारी मुले-मुली शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, दिवस मोडतो, पण खर्च खासगीपेक्षा कमी येतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून घ्यावे.

रस्त्यावर चटई टाकून एका बैठकीत कवळी बसवून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवून पक्का केलेला तो खोटा दात खाली कुजत राहतो आणि सोबतच्या दातांना घेऊन जातो. कायद्याप्रमाणे दंतवैद्य म्हणून नोंदणी असलेल्यालाच हे काम करता येते. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते, ते वाचावे. बाबासाहेबांनी आपल्याला वाचायला शिकवले ते अशाही कामी यावे.

आत्याबाईंची दाढ राहण्यासारखी नव्हती, ती काढली. त्या "मुंगी चावल्यागत झालं" एवढेच म्हणाल्या. पुढची पथ्ये मात्र घरच्यांनी लक्षात ठेवायची असतात. कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. थुंकी गिळायची, थुंकायचे नाही. थुंकले की रक्ताची गाठ सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होते. त्या दिवशी चूळ भरायची नाही, गरम चहा नाही, बाहेरून शेक नाही. थंड दूधभात खावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या. तंबाखू, विडी, मिश्री बंद, नाहीतर जखम चिघळून ठणका लागतो. लहान मूल असेल तर बधिरपणा जाईपर्यंत ते ओठ चावत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

मिश्री, मावा आणि दंतकाष्ठ

दाढ काढताना डॉक्टरांनी आत्याबाईंच्या गालाची आतली बाजू पाहिली. जिथे मिश्री फिरायची तिथे पांढरा चट्टा होता. आम्हा दोघींच्या पोटात गोळा आला. चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे दिवस आत्याबाई रोज विहारात जाऊन बसायच्या, कुणाशी बोलायच्या नाहीत. कर्करोग निघाला नाही. पण मिश्री सोडली नाही तर पुढचे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातले फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तिखट अजिबात सहन न होणे, ही दाखवण्याची लक्षणे आहेत. तरुणांनी आपली उभी तीन बोटे तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील तर सुपारीने गालाची आतली कातडी आवळली जात आहे असे समजून लगेच दवाखान्यात जावे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी चौकात मावा चोळणे थांबलेले नाही. जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून गालात माव्याची गोळी धरलेली आपली पोरे पाहिली की वाईट वाटते. पाचवे शील दारूपुरते आहे, तंबाखूला लागू नाही, असा युक्तिवादही मी विहाराच्या पायरीवर ऐकला आहे. त्यांनी विनयपिटक उघडून पाहावे. चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली आहे. ते न वापरण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी येते आणि अन्नाची चव लागत नाही, हे त्यांतले दोन. डोळ्यांना हितकर नाही, असाही एक आहे. तो आजचे वैद्यकशास्त्र मानणार नाही, पण बाकीचे कुणालाही पटतील. काही भिक्खू लांबलचक दंतकाष्ठाने श्रामणेरांना मारू लागले, म्हणून ते आठ अंगुळांपेक्षा मोठे नसावे, आणि कुणाच्या घशात आखूड काडी गेली, म्हणून चार अंगुळांपेक्षा लहान नसावे, इतक्या बारकाईने नियम केला आहे. आज त्या जागी मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आणि सकाळ-रात्र दोन वेळा.

मुलांबद्दल एकच सांगते, कारण ही चूक घरोघर होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून आई-बापांना तीही दुधाचीच वाटते. ती किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ असते, पुन्हा येत नाही. मुलाला पहिला दात आला की वर्षाच्या आत एकदा नुसते दाखवायला न्यावे. खुर्ची, दिवा, डॉक्टर यांची ओळख दुखण्याच्या आधी झाली तर भीती बसत नाही.

जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडता न येणे किंवा गिळायला, श्वासाला त्रास, असे असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठा.

आत्याबाईंना तीन महिन्यांनी चट्टा दाखवायला बोलावले आहे. मिश्री सुटली म्हणतात. सून म्हणते, पूर्णपणे नाही. केसपेपर त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रतीत घालून फडताळात ठेवला आहे.