बिल कधी भरायचं आणि कसं भरायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन)

सुरुवातीला एक छोटं काम देतो. आपल्या घरात महिन्याला किती बिलं येतात, ती मनातल्या मनात मोजा. वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट, सोसायटीचा मेंटेनन्स, क्रेडिट कार्ड, कर्जाचा हप्ता, दूधवाला, पेपरवाला, घरकामाच्या मावशींचा पगार. शिवाय वर्षातून एकदा-दोनदा येणारी मालमत्ता कर आणि विम्याचा हप्ता ही मंडळी आहेतच. बहुतेकांची संख्या दहाच्या पुढे गेली असेल. आता दुसरा प्रश्न. यातलं कोणतं आधी भरायचं, हे आपण कधी ठरवलंय का? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं: ज्याचा मेसेज आधी आला, ते.

ही पद्धत अगदीच चुकीची नाही, पण महाग पडते. का, ते बघू.

प्रत्येक बिलाला दोन टोकं असतात. लवकर भरलं तर काय मिळतं, आणि उशिरा भरलं तर काय जातं. ही दोन्ही टोकं प्रत्येक बिलाची वेगळी असतात. ती एकदा समजली की निम्मं काम झालं.

आधी लवकर भरण्याचा विचार करू. महावितरणचं वीजबिल घ्या. घरगुती ग्राहकाला भरायला साधारण २१ दिवस मिळतात. पण बिलाच्या तारखेपासून ७ दिवसांच्या आत भरलं, तर कर आणि शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर १ टक्का सवलत मिळते. लोक म्हणतात, एक टक्क्यानं काय होतंय? आपण हिशेब करू. सवलत लागू होणारी रक्कम २,००० रुपये धरा. सातव्या दिवशी भरलं तर २० रुपये वाचले. तेच पैसे आणखी १४ दिवस बचत खात्यात ठेवले, तर ३ टक्के दरानं व्याज किती मिळेल? साधारण सव्वादोन रुपये. म्हणजे थांबून सव्वादोन मिळवायचे, की आधी भरून वीस वाचवायचे? उत्तर उघड आहे.

मालमत्ता कराचंही तसंच आहे. पुण्यासारख्या महापालिका आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत पैसे भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देत आल्या आहेत. एप्रिल-मेमध्येच शाळेची फी आणि लग्नाचे आहेर येतात, हे खरं. म्हणून या कराचे पैसे आधीच्या वर्षभरात थोडे थोडे बाजूला काढायचे.

याउलट क्रेडिट कार्डाचं बिल लवकर भरल्याबद्दल कोणी काही देत नाही. तिथे मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी भरलं तरी चालतं. पण पूर्ण भरायचं. यावर पुन्हा येतो.

आता दुसरं टोक, उशीर. दंड दोन जातींचे असतात. एक पायरीसारखा, दुसरा उतारासारखा. पायरी म्हणजे मुदत हुकली की एकदम ठरावीक रक्कम लागते. वीजबिलाची मुदत गेली की १.२५ टक्के विलंब आकार लागतो. एक दिवस उशीर झाला तरी तेवढाच आणि आठ दिवस झाले तरी तेवढाच. उतार म्हणजे जितका वेळ जाईल तितकं घसरत जाणं. मालमत्ता कराच्या थकबाकीवर महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के. सोसायटीच्या आदर्श उपविधीनुसार थकबाकीवर सरळव्याज लावता येतं. नेमका दर सर्वसाधारण सभा ठरवते. तुमच्या सोसायटीचा किती आहे, ते घरी गेल्यावर बघा.

सगळ्यात तीव्र उतार क्रेडिट कार्डाचा. बिल २०,००० रुपयांचं आहे. खाली लिहिलेलं असतं, किमान देय रक्कम १,०००. माणूस म्हणतो, चला, हजारात भागलं. भागत नाही. उरलेल्या १९,००० वर महिन्याला साडेतीन टक्के धरले, तर ६६५ रुपये व्याज, त्यावर जीएसटी वेगळा. वर्षाचा दर ४२ टक्के झाला. आणि खरी मेख पुढे आहे. बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते. मग पुढच्या महिन्यात घेतलेल्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज धावतं. किमान रक्कम भरल्यानं फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही.

इथवर पैसे हातात आहेत असं धरून बोललो. पण खरी परीक्षा पैसे पुरत नाहीत त्या महिन्यात असते. पगार लांबला, दुकानाचा धंदा बसला, घरात आजारपण आलं. तेव्हा काय करायचं?

माझ्या मते क्रम असा असावा. पहिला नंबर माणसांचा. मावशींचा पगार, दूधवाला. त्यांच्या घरची चूल त्या पैशांवर पेटते आणि त्यांच्याकडे ग्रेस पिरियड नसतो. दुसरा कर्जाचा हप्ता. तो परत गेला तर बँकेचा दंड लागतोच, शिवाय आपल्या पत-नोंदीत डाग राहतो. तिसरं क्रेडिट कार्ड, कारण तिथला दर सगळ्यात जास्त. वीजबिल त्यानंतर काही दिवस थांबू शकतं. २,००० च्या बिलाला २५ रुपयांचा फटका बसेल. पण ६० दिवसांनंतर व्याज सुरू होतं आणि त्याआधीही नोटीस येऊ शकते, म्हणून फार लांबवायचं नाही. मालमत्ता कर आणि मेंटेनन्स शेवटी.

आयुर्विम्याचा हप्ता मुद्दाम वेगळा ठेवला. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला ३० दिवस आणि मासिक हप्त्याला १५ दिवस वाढीव मुदत असते. त्या काळात पॉलिसी चालू राहते. म्हणजे त्याला थांबवता येतं, पण त्या मुदतीपुरतंच. ती संपली की नुसता दंड लागत नाही, छत्रच जातं. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

आता ऑटो-पे. स्थिर रकमेच्या बिलांना तो उत्तम. इंटरनेट, एसआयपी, विमा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड किंवा यूपीआयवरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. नेहमीच्या बिलांसाठी १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. त्यावरची रक्कम असेल तर लागतो. तो मेसेज आपण पाहिलाच नाही, तर बिल तसंच राहतं. आणि ऑटो-पे लावला म्हणून बिल वाचायचं थांबवू नका. मीटर बंद पडला, रीडिंग चुकलं, तरी पैसे गुपचूप जात राहतात.

प्रश्नोत्तरांच्या वेळी एका ताईंनी विचारलं, "वीजबिल अचानक तिप्पट आलं. भरलं तर मान्य केल्यासारखं होतं, नाही भरलं तर लाइट कापतील. काय करू?" फार चांगला प्रश्न. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ मध्ये याचं उत्तर आहे. एकतर पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दुसरं, रक्कमच वादात असेल तर आपण निषेध नोंदवून पैसे भरू शकतो. मागितलेली रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीनुसार होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती. तेवढी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. फक्त तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

शेवटची गोष्ट. हे सगळं घरातल्या एकाच माणसाच्या फोनमध्ये नसावं. तो माणूस उद्या दवाखान्यात दाखल झाला, तर बाकीच्यांना ग्राहक क्रमांकही सापडत नाहीत. एक साधी वही करा. बिलाचं नाव, ग्राहक क्रमांक, सवलतीची तारीख, शेवटची तारीख, कुठल्या खात्यातून जातं. पासवर्ड आणि पिन मात्र त्यात लिहू नका. एक पान पुरतं. ते घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि पुढच्या महिन्याची बिलं त्यालाच भरू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा. काय सांगायचं राहून गेलंय, ते तेव्हा कळेल.