जमीन ठेवली, बांधायचा हक्क विकला

तुमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी 'बे एरिया'त असेलच. मित्राचा दादा, चुलत बहीण, नाहीतर शेजारच्या काकूंचा मुलगा. सॅन होजे, सनीवेल, क्युपर्टिनो ही नावं आता कोथरूड-डोंबिवलीइतकीच कानावर पडतात. त्या दादाला एकदा विचारून बघा, तू राहतोस तिथे आधी काय होतं? बहुतेक त्याला सांगता येणार नाही. तिथे बागा होत्या. जर्दाळू, चेरी, प्लम. वसंतात अख्खी सँटा क्लारा व्हॅली फुलांनी भरून जायची. सुकवलेली आणि डबाबंद फळं तिथून लांबलांबच्या बाजारात जायची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत बागा तुटल्या, घरं आली, कारखाने आले, मग चिप्स आल्या. आज तिचं नाव सिलिकॉन व्हॅली. सगळं वाईटच झालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण हा लेख ज्या यंत्रावर टाइप होतोय ते त्याच व्हॅलीचं देणं आहे.

आता सॅन फ्रान्सिस्कोहून उलट्या दिशेला, उत्तरेकडे चला. सिनेमात शंभरदा पाहिलेला गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन काउंटी लागते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा धरा. तिच्या पश्चिमेला गेलात की टेकड्यांवर कुरणं, चरणाऱ्या गायी, लाकडी गोठे, मध्येच एखादं घर आणि पलीकडे टोमालेस बे नावाची लांबलचक खाडी. जगातल्या अतिमहागड्या शहरांपैकी एकाच्या इतक्या जवळ एवढी मोकळी जमीन उरली कशी?

उरणार नव्हतीच खरं तर. 1937मध्ये पूल झाला आणि मरिनचे भाव चढायला लागले. 1960च्या दशकात पुलाच्या अगदी तोंडाशी 'मरिनसेलो' नावाचं 30 हजार वस्तीचं नवं शहर वसवायची योजना आली. पश्चिमेकडच्या खाडीकाठी लाखभर लोकांची वस्ती आणि तिथवर नेणारा फ्रीवे, असाही आराखडा होता. लोकांनी विरोध केला, मरिनसेलो कोर्टकचेरीत अडकलं आणि बारगळलं. फ्रीवेही झाला नाही. मग 1970च्या दशकाच्या सुरुवातीला काउंटीने शेती झोनसाठी कडक नियम केला: 60 एकरांमागे एकच घर.

पर्यावरणवाले खूश झाले. शेतकरी? ते भडकले. आणि त्यांचं चुकलं होतं का, याचा जरा विचार करा. दूधधंद्यात पैसा फारसा नाही. जमिनीचा भाव हीच त्यांची म्हातारपणची पेन्शन, तोच मुलांच्या शिक्षणाचा फंड. तुमच्या घरी शेती असेल तर हे मी सांगायला नको. एका ठरावाने कोणीतरी तो भाव पाडला आणि बदल्यात दमडी दिली नाही. त्यात नियम म्हणजे नियमच. आज पाच जणांनी केला, उद्या निवडणुकीनंतर दुसरे पाच जण येऊन बदलतील. 'झोन बदलून आणतो' हे वाक्य आपल्याकडे ऐकलंच असेल. तिथेही तीच भीती होती, आणि काहींची तीच आशा होती.

या अधांतरी अवस्थेचा एक परिणाम चटकन दिसत नाही. शेजारच्याने विकली, आपलीही आज ना उद्या जाणार, असं एकदा मनाने घेतलं की शेतकरी खर्च करायचं थांबवतो. गोठ्याचा पत्रा गळतोय? गळू दे. कुंपण पडलंय? पडू दे. नवी गाय कशाला घ्यायची? शहर अजून पाच-दहा किलोमीटर लांब असतं आणि शेती मात्र आतून संपलेली असते. आपल्या कुठल्याही वाढत्या शहराच्या वेशीवर पाणी असूनही पडीक ठेवलेली रानं दिसतात, त्यातल्या कितींच्या मागे हे कारण असेल, हा प्रश्न मला बसच्या खिडकीतून नेहमी पडतो.

मरिनमध्ये तोडगा काढायला दोन बायका एकत्र आल्या. एक फिलिस फेबर, जीवशास्त्राच्या अभ्यासक आणि पर्यावरणवादी. दुसऱ्या एलन स्ट्रॉस. नाझींच्या भीतीने 1940मध्ये कुटुंबासह अ‍ॅमस्टरडॅम सोडून अमेरिकेत आलेल्या, पुढे लग्न करून खाडीकाठच्या मार्शल या गावात दूधधंद्यात मुरलेल्या. एकीला जमीन वाचवायची होती, दुसरीला शेती. दोन्ही गटांचं आपसात जमत नव्हतं, पण या दोघींचं जमलं. 1980मध्ये त्यांनी 'मरिन अ‍ॅग्रिकल्चरल लँड ट्रस्ट' उभा केला, थोडक्यात मॅल्ट. फक्त शेतजमिनीसाठी काढलेला अमेरिकेतला हा पहिला असा ट्रस्ट. त्यांचं हत्यार होतं कॉन्झर्व्हेशन इझमेंट.

नाव अवघड आहे, कल्पना नाही. जमिनीची मालकी हा एकच हक्क नसतो, ती हक्कांची मोळी असते. पेरायचा हक्क, विहीर काढायचा, विकायचा, मुलांना द्यायचा, गहाण टाकायचा, आणि त्यावर बिल्डिंग बांधायचाही. मोळीतली एक काडी काढून विकता येते. आपल्या गावात एकाच्या शेतातून दुसऱ्याची वहिवाटीची वाट जाते ना? जमीन याची, चालायचा हक्क त्याचा. इझमेंट म्हणजे मुळात तेच. इथे शेतकरी बांधकामाचा हक्क ट्रस्टला विकतो, आणि ट्रस्ट तो घेऊन कायमचा कुलूपबंद करून ठेवतो.

समजण्यापुरता आपल्या पैशांत हिशेब करू. समजा बिल्डर एकराला 1 कोटी द्यायला तयार आहे. तीच जमीन 'इथे फक्त शेतीच होणार' या अटीवर घ्यायची तर दुसरा शेतकरी 40 लाख देईल. मधला फरक 60 लाख, ती इझमेंटची किंमत. दोन्ही आकडे मूल्यांकन करणारा तज्ज्ञ ठरवतो. ट्रस्ट शेतकऱ्याला 60 लाख देतो. जमीन शेतकऱ्याकडेच राहते. त्याने कसावी, विकावी, वाटून द्यावी. अट मात्र जमिनीला चिकटते, माणसाला नाही. उद्या मालक बदलला, परवा त्याचा नातू आला, तरी ती सुटत नाही. कागद काउंटीच्या दप्तरी नोंदलेला असतो. करार करताना जमिनीची स्थिती फोटोंसह लिहून ठेवतात आणि दरवर्षी ट्रस्टचा माणूस येऊन बघून जातो. कोणी चोरून बंगला उठवला तर ट्रस्ट कोर्टात जातो.

या पैशाचं लोक काय करतात? इथे गोष्ट एकदम घरातली होते. चार भावंडं. एकाला शेती करायची आहे, तिघं शहरात, त्यांना आपला वाटा रोख हवा. रोख कुठून आणणार? म्हणून अख्खी जमीन विकायची वेळ येते. अमेरिकेत मोठ्या वारशावर करही लागतो, आणि तो बिल्डरच्या भावाने मोजला तर कर भरायलाच जमीन विकावी लागते. इझमेंटच्या पैशातून भावंडांचे वाटे देता येतात, कर्ज फेडता येतं, धंदा बदलता येतो. स्ट्रॉस कुटुंबाच्या जमिनीवरही मॅल्टचा करार आहे. एलन यांचा मुलगा अल्बर्ट याने 1994मध्ये सेंद्रिय दुधाची स्वतःची डेअरी काढली.

मॅल्टकडे आज 50 हजार एकरांहून जास्त जमिनीचे करार आहेत. पैसा देणग्यांतून येतो, सरकारी योजनांतून येतो आणि मतपेटीतूनही. 1988मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी निसर्ग आणि उद्यानांसाठी रोखे काढायला मंजुरी दिली, त्यातले दीड कोटी डॉलर मरिनच्या शेतजमिनीला मिळाले. 2012मध्ये मरिनकरांनी स्वतःवरच पाव टक्का विक्रीकर लावून घेतला. म्हणजे चार डॉलरच्या खरेदीला एक सेंट, आणि त्यातला काही वाटा शेतजमिनीसाठी. कॉफी पिणाऱ्याने कुरणाचे पैसे दिले म्हणा ना.

आता दुसरी बाजू. मरिन हे काही स्वर्गाचं मॉडेल नाही. घरं इतकी महाग की गायींचं दूध काढणाऱ्या मजुरांनाच जवळपास राहायला जागा मिळत नाही. ज्यांची घरं आधीच झालीत त्यांना समोरची हिरवी टेकडी वाचवणं सोपं जातं, ही टीका मला बऱ्याच अंशी पटते. दुसरी अडचण अशी, की बांधकाम थांबवलं म्हणजे शेती चालू राहीलच असं नाही. एखादा कोट्यधीश जमीन घेतो, असलेल्या घराला झळाळी देतो आणि शेती सोडून देतो. कुरण वाचलं, दूध गेलं. म्हणून मॅल्टने पुढे काही करारांत 'शेती करावीच लागेल' अशी अट घालायला सुरुवात केली. जमिनीवर कोणाचं घर नको हे सांगणं सोपं. शेतकरी हवा, हे कागदावर आणणं अवघड.

तरीही हा मार्ग का महत्त्वाचा, हे शेजारीच दिसतं. मरिनच्या किनाऱ्यावर 1962मध्ये पॉइंट रेज नॅशनल सीशोअर हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. तिथे सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेतल्या आणि त्यांनाच भाडेपट्ट्याने दिल्या. पिढ्या गेल्या. पर्यावरण संस्थांनी दावे लावले आणि जानेवारी 2025मध्ये झालेल्या तडजोडीत 12 कुटुंबांनी पैसे घेऊन तिथला धंदा बंद करायचं मान्य केलं. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, नुसता पट्टा होता. खाडीच्या पलीकडे इझमेंट केलेल्यांना दूधधंद्याचे चटके बसतातच, पण 'निघा' असं त्यांना कोणी म्हणू शकत नाही.

हे आपल्याकडे चालेल का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बांधायचा हक्क जमिनीपासून सुटा करून विकायची कल्पना आपल्याला नवी नाही. टीडीआर हा शब्द रोज पेपरात असतो. रस्त्यासाठी जमीन दिली की मालकाला हक्काचं प्रमाणपत्र मिळतं, ते तो बिल्डरला विकतो आणि बिल्डर दुसरीकडे जास्त मजले चढवतो. मुंबईत हे 1991च्या नियमावलीपासून चालू आहे. गंमत म्हणजे वॉशिंग्टनजवळच्या माँटगोमेरी काउंटीने 1980मध्ये नेमका हाच टीडीआर शेतजमीन वाचवायला वापरला. शेतकऱ्याने हक्क विकायचा, बिल्डरने तो ठरवून दिलेल्या शहरी भागात वापरायचा. तिथलं सुमारे 93 हजार एकरांचं शेती क्षेत्र त्यावर टिकून आहे. आपण तेच अवजार रस्ते रुंद करायला वापरलं.

इझमेंटच्या वाटेत मात्र कायद्याचा खोडा आहे. आपला सुविधाधिकार कायदा 1882चा. त्यानुसार असा हक्क एका जमिनीच्या मालकाला किंवा वहिवाटदाराला, आपल्या जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर मिळतो. ज्याची शेजारी जमीनच नाही अशा ट्रस्टला तो कसा धरता येणार? अमेरिकेच्या जुन्या कायद्यातही हीच अडचण होती. तिथल्या राज्यांनी एकामागून एक स्वतंत्र कायदे करून ती सोडवली. 1981मध्ये त्यासाठी एक नमुना कायदाही तयार झाला. लॉ कॉलेजला असाल तर प्रोजेक्टला विषय शोधत फिरू नका, हा घ्या.

बाकीच्यांनी सुट्टीत घरी गेलात की सातबारा मागून बघा. त्यात 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचं नाव, काय काय असतं त्यात. मग जेवताना आजोबांना विचारा: बांधायचा हक्क सोडायचे पैसे कोणी दिले, आणि जमीन आपल्याकडेच राहिली, तर त्या रकान्यात आणखी एक ओळ चालेल का? काकांचं उत्तर वेगळं येईल. आत्याचं आणखी वेगळं. आणि तुमचं?