ग्वांगझौमधला मोकळा शुक्रवार

चीनमधून मूल दत्तक घेऊन अमेरिकेला परतणाऱ्या कुटुंबांचा शेवटचा मुक्काम ग्वांगझौला असे. मूल हाती येई ते त्याच्या प्रांतात, पण त्याचा व्हिसा मात्र ग्वांगझौच्या अमेरिकन वकिलातीतूनच निघे. आधी वैद्यकीय तपासणी, मग कागदपत्रे, शेवटी शपथ. या कामांच्या मधे एखाददुसरा दिवस रिकामा जाई. 2005 मध्ये आम्हाला असा एक शुक्रवार मिळाला. त्या वर्षी सुमारे 7,900 चिनी मुले अमेरिकेत गेली. त्यांत आमची 13 महिन्यांची लेकही होती.

आम्ही मूळचे दापोलीकडचे, राहायला न्यू जर्सीत. बरोबर 7 वर्षांचा मुलगा होता. आदल्या रात्री दापोलीहून अम्मींचा फोन आला होता. पोरीची चौकशी झाली, दुआ दिली, आणि मग त्यांनी विचारले, "तिच्या नावापुढे बापाचं नाव कुणाचं लावणार?" अम्मींचा प्रश्न रास्त होता. यतीम मुलाला सांभाळणे मोठ्या सवाबचे काम, पण त्याचा वंश पुसून आपला लावणे इस्लामला मान्य नाही. महरमची बाब आलिमांना विचारून आधीच ठरवली होती. मूल दोन वर्षांच्या आतले असल्याने दूधपानाचा मार्ग खुला होता. नावाचे तेवढे राहिले होते.

सकाळी शामियान बेटावर गेलो. पर्ल नदीकाठचा हा वाळूचा पट्टा दुसऱ्या अफू युद्धाच्या सुमारास इंग्रज आणि फ्रेंचांनी ताब्यात घेतला. त्यांचे बंगले अजून उभे आहेत. एके काळी मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू याच शहराच्या बाजारासाठी निघे. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या चीन-व्यापारात कोकणी मुस्लिम व्यापारी महंमद अली रोगे भागीदार होते. अफूचा धंदा काही अभिमानाने सांगावा असा नाही; तरी आपली माणसे इथवर आली होती, हे मुलाला सांगितले. त्याचे सारे लक्ष दुकानांत टांगलेल्या चूं-चूं वाजणाऱ्या बुटांकडे होते. बहिणीसाठी एक जोड घ्यायला लावूनच तो तिथून हलला.

बेटावर जिकडेतिकडे बाबागाड्या. गोरे आईबाप, चिनी मुली. एक मूल धोरण आणि मुलग्याचा हव्यास यांमुळे बाजारात, फाटकांपाशी सोडून दिलेल्या या मुली. आमची लेक चार दिवस आईच्या खांद्यावरून उतरत नव्हती आणि अब्बांनी हात पुढे केला की तोंड फिरवून रडत होती.

तिथून हुआइशेंग मशिदीला गेलो. नावाचा अर्थ 'पैगंबरांची आठवण'. तिचा पांढरा, गोल मिनार सुमारे 36 मीटर उंच आहे. पूर्वी नदीवरची गलबते दीपस्तंभ म्हणून त्याच्याकडे पाहत. मिनारावर कसलेही नक्षीकाम नाही. मुलाला तो कारखान्याच्या धुराड्यासारखा वाटला, आणि खरे तर दिसतोही तसाच.

जुम्म्याची नमाज मात्र हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दर्ग्याच्या मशिदीत पढलो. ते चीनमध्ये आले होते यावर इतिहासकारांचा विश्वास नाही. त्यांची कबर मदीनेत आहे. पण इथल्या मुसलमानांची श्रद्धा जुनी आहे, आणि कबरस्तानाची ती झाडी फार शांत आहे. मशिदीत जागा पुरेना, म्हणून लोक झाडांखाली चटया टाकून बसले होते. आफ्रिकेचे व्यापारी, अरब, चिनी हुई मुसलमान, सगळ्यांच्या सफा एकत्र. फाटकाबाहेर उइगुर विक्रेते गरम नान आणि जिरे लावलेले कबाब विकत होते. नमाज आटोपून अब्बांनी नानचा तुकडा मोडून लेकीपुढे धरला. तिने तो घेतला. चावत चावत त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही.

जवळच्या युएश्यू बागेत पाच बोकडांचे दगडी शिल्प आहे. पाच देवदूतांनी बोकडांवर बसून या शहराला भाताच्या लोंब्या आणून दिल्या, अशी तिथली कथा. मुलगा पायऱ्यांवर नव्या बुटांचा आवाज काढून तिला हसवत होता. आम्ही दोघे बाकावर बसून नावाचे बोललो. हजरत झैद (रजि.) यांना लोक झैद बिन मुहम्मद म्हणत, सूरह अहजाबमधला हुकूम आल्यावर ते पुन्हा झैद बिन हारिसा झाले. ज्यांचे वडील माहीत नाहीत त्यांचाही उल्लेख तिथेच आहे: ते दीनमधले तुमचे भाऊ. लेकीचे आडनाव अनाथालयाने दिलेले, तिथल्या सगळ्याच मुलांना तेच. ते तसेच ठेवायचे ठरले. पुकारायला एक मुस्लिम नाव जोडले. संध्याकाळी अम्मींना कळवले. त्या म्हणाल्या, "बरं केलंत. मला आता ते चिनी नाव नीट म्हणायला शिकवा."

या निर्णयाचा त्रास झाला नाही असे नाही. शाळेत, दवाखान्यात, विमानतळावर आडनाव वेगळे का म्हणून दर वेळी कागद दाखवावे लागले.

सप्टेंबर 2024 मध्ये चीनने परदेशी दत्तक देणे बंद केले. लेक आता विशीत आहे. पुढच्या वर्षी तिला तिकडे एकटीने जायचे आहे. आम्ही तिला शुक्रवारी दुपारी त्या फाटकापाशी जायला सांगितले आहे. नान तिथे अजून मिळत असतील, इन्शाअल्लाह.