मिलिमीटरभर जाडीत मुंबई-पुणे

पैनगंगेच्या काठचं भीमपूर. कपाशीचा मुलूख. मे महिन्यात आदिलाबाद जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा बांधावरच्या काळ्या पाइपाला हात लावून पाहा. चटका बसतो! पाइप मात्र वितळत नाही. हे एचडीपीई, म्हणजे आपलं घट्ट पॉलिथिन. ते वितळायला 130 अंशांच्या आसपास उष्णता लागते.

उन्हात ते लांबतं मात्र भरपूर. मुंबईपासून पुण्यापर्यंत 150 किलोमीटरचा सलग पाइप टाकलाय असं धरू. तो एका अंशाने तापला की साधारण 22 मीटरने वाढतो. म्हणजे एका अंशाला रेल्वेचा एक डबा! सकाळचे 25 अंश दुपारी 45 झाले की वीस डबे. आख्खी गाडीच उभी राहिली.

आता पाइपाच्या आत शिरू. पॉलिथिनचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. त्यातली एक मध्यम साखळी घ्या आणि ती बोटाएवढ्या, सेंटिमीटरभर जाडीच्या दोरासारखी दिसेपर्यंत मोठी करा. दोराची लांबी भरेल 40 मीटर, म्हणजे 130 फूट. 40 फुटी विहिरीच्या तळाला तो तीनदा पोचेल आणि वर हातात उरेल. असा दोर मोकळा कुठे ठेवायचा? साखळीसुद्धा घड्या घालून बसते. अँड्र्यू केलर यांनी 1957 साली ब्रिस्टलमध्ये या घड्या ओळखल्या. आपल्या दोराच्या मापात एकेक घडी फूटभराची, आणि सगळी साखळी घडीत बसवली तर घड्या सुमारे 120. एवढी नेटकी घडी घरातल्या पैठणीलाही मिळत नाही.

अशा घड्यांचे स्फटिकी पापुद्रे बनतात. मधे थोडा सैल गुंता, की पुन्हा पापुद्रा. पाइपाचा सुमारे 70 टक्के भाग असा स्फटिकी असतो आणि पाइपाचा ताठपणा त्याच्यामुळेच. एका मिलिमीटर जाडीत किती थर? पन्नास हजार! प्रत्येक थराला दहा फुटी मजला समजा. इमारत 150 किलोमीटर उंच होईल. मुंबई-पुणे रस्ता आकाशात उभा केल्यासारखी, आणि हे सगळं नखाएवढ्या जाडीत.

हेच पापुद्रे सोडवून जमिनीवर पसरूया. एका ग्रॅममधले पापुद्रे पाचशे चौरस फुटांच्या फ्लॅटची फरशी झाकतील. एक किलोमधले साडेअकरा एकर! आख्खं कपाशीचं शेत झाकून जाईल.

त्या किलोभर पाइपातले नुसते स्फटिक मोडायचे, म्हणजे फक्त वितळवायचे, तर सुमारे दोनशे किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्या ऊर्जेत दहा क्विंटल कापूस 65 फुटी विहिरीच्या तळातून वर ओढून काढता येईल. पण त्याआधी पाइप 130 अंशांपर्यंत तापायला हवा, आणि तिथेच भीमपूरचं ऊन हरतं.

पण खरी गंमत साखळ्या सरळ केल्यावर आहे. एका ग्रॅममधल्या सगळ्या साखळ्या ताणून टोकाला टोक जोडा. लांबी 546 कोटी किलोमीटर! मुंबई-पुण्याच्या साडेतीन कोटींहून जास्त फेऱ्या. ताशी 100 किलोमीटरने धावणारी गाडी, एकही थांबा न घेता, हे अंतर कापायला 6,200 वर्षं घेईल. सूर्यापासून नेपच्यून 450 कोटी किलोमीटरवर आहे. आपला ग्रॅमभर पाइप त्यालाही ओलांडून गेला.

आणि जग वर्षाला साधारण दहा कोटी टन पॉलिथिन बनवतं. चार-चार हजार टनांच्या 25,000 मालगाड्या! त्यातले पापुद्रे पसरले तर ढोबळ हिशेबाने आठ-नऊ पृथ्व्या मढवल्या जातील. आणि साखळ्या? त्या ताणल्या तर अंतर किलोमीटरमध्ये सांगताच येत नाही. श्वास धरा: सुमारे 5,800 कोटी प्रकाशवर्षं. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची कड इथून 4,650 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. पॉलिथिन तिच्याही पुढे गेलं, आणि हे एकाच वर्षाचं उत्पादन आहे.